मिठागरावरची अकरा नावं

दिवाळीचे कंदील उतरवून पंधरा दिवस झाले, की खाडीकडून एक वास यायला लागतो. सुकत चाललेल्या चिखलाचा, खारट, जरा कुजकट. बाहेरगावचे पाहुणे नाकाला पदर लावून विचारतात, "तुमच्या ठाण्याला हा कसला वास?" आम्ही म्हणतो, "कुठे काय?" इतका तो आमच्या अंगवळणी पडलाय. या वासाचा अर्थ एवढाच, की मिठागरांवर कामं सुरू झाली. पावसात खचलेले बांध चिखल लिंपून पुन्हा उभे होतात, भरतीचं पाणी आत घेऊन कोंडलं जातं, माणसं वाफ्यांत ओळीने उभी राहून पायांनी तळ तुडवत राहतात. मग संक्रांतीच्या आसपास कळव्याच्या पुलावरून जाताना दिसतं, की कालपर्यंत करडे असलेले वाफे कडेने पांढरे झालेत. तेव्हा म्हणायचं, मीठ पडलं.

या दिवसांत माझं काहीतरी बिनसतं. ताप नाही, खोकला नाही, वैद्याला सांगण्यासारखं काही नाही. शाळेत हजेरी घेताना एखाद्या मुलीने "हजर" म्हणायला जरा उशीर केला, की मी उगाच तिच्या अंगावर जाते. मुली आपसांत म्हणतात, बाईंना थंडी सोसत नाही. म्हणू देत. मला जे सोसत नाही ते थंडीहून वेगळं आहे आणि ते गेली सात-आठ वर्षं मी एका बाईखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगून टाकते.

मी एकदा अकरा बायकांची नावं मनाने लिहिली. त्यांना न विचारता, त्यांना न बघता. गोष्टीच्या पुस्तकात लिहिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. मी ती मतदारांच्या यादीत लिहिली. या देशातल्या सगळ्या बायकांना पहिल्यांदा मत मिळणार होतं, त्या पहिल्या यादीत.

आणि ज्या घरात मी वाढले, त्या घरात वाढलेल्या मुलीने तरी हे करायला नको होतं.

माझी आत्या बालविधवा. आईवडिलांच्या मागे मला तिनेच वाढवलं. ठाण्यात तळ्याच्या वरच्या अंगाला तिचं दोन खोल्यांचं घर होतं, सासऱ्यांनी तिच्या नावावर केलेलं. इंग्रजांच्या राज्यात मत माणसाला नसे. ते घराला, शेताला, नाहीतर परीक्षेच्या सर्टिफिकेटाला असे. आत्या घरपट्टी भरी, म्हणून गल्लीतल्या सवाष्णींच्या आधी या विधवेला मत मिळालं. तिला त्याचा अभिमान होता आणि रागही होता. म्हणायची, "माझं मत भिंतींना आहे गं. उद्या भिंती पडल्या की माझं मत गेलं."

मी सहा-सात वर्षांची असेन. चैत्राची हळदीकुंकवं चालली होती. बायकांनाही मत हवं, सगळ्यांना हवं, घर असो नसो, असा एक अर्ज मुंबईला जायचा होता आणि त्याच्यावर सह्या गोळा करायचं काम आत्याने अंगावर घेतलं होतं. आता बायका एका जागी जमतात कधी? हळदीकुंकवाला. आणि विधवेला तिथे मज्जाव. आत्याने त्यावर तोड काढली. ती आत जायचीच नाही. ज्या घरी हळदीकुंकू असेल त्या घराच्या ओटीवर, चपलांच्या शेजारी, ती कागद आणि दौत घेऊन बसायची. मी तिच्याजवळ टीपकागद धरून. आतून पन्ह्याचा, कैरीच्या डाळीचा वास यायचा, बांगड्या वाजायच्या, कुणीतरी नाव घेताना अडखळायचं आणि हसू फुटायचं. मग एकेक बाई बाहेर येऊन चप्पल शोधायला वाकली, की आत्या म्हणायची, "इथे एक सही करून जा, बाई." बायकांच्या बोटांना ओली हळद असे. तो सगळा अर्ज पिवळ्या डागांनी भरला होता. एका वकिलांनी तो पाहून नाक मुरडलं, तेव्हा आत्या म्हणाली, "असू दे. बायकांनीच केलाय हे साहेबाला कळेल."

जिला लिहिता येत नसे तिचा अंगठा घ्यायचा आणि बाजूला आत्या नाव लिहायची. पण नाव त्या बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय दौतीत टाक बुडवायची नाही. नवऱ्याचं नाव दुसरीने सांगितलं तर चाले. स्वतःचं स्वतःच सांगायचं. एक नवी सून होती, कुठल्याशा सरकारी नोकराची. मान खाली घालून उभी राहिली, बोलेचना. बरोबरची म्हणाली, "सरस्वती नाव आहे हो तिचं, लिहा ना." आत्याने लिहिलं नाही. दिवेलागण होत आली, ओटीवरच्या चपला संपल्या, मला भूक लागली, तरी ती बसून राहिली. शेवटी त्या मुलीने अगदी पुटपुटत नाव सांगितलं. आत्या मला घरी येताना म्हणाली, "दुसऱ्याने सांगितलेलं नाव ते नाव नव्हे. ती नुसती ओळख झाली." मला तेव्हा फक्त कैरीची डाळ हवी होती. ती आम्हाला कुणी बाहेर आणून दिली नव्हती.

स्वराज्य आलं आणि भिंतींशिवाय मत आलं. आत्याचे केस पांढरे झाले होते. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले होते, कायम झाले नव्हते. घरोघर जाऊन मतदारांची नावं लिहायचं काम निघालं, तेव्हा बायकांशी बोलायला बाई हवी म्हणून मला धाडलं. खाडीपलीकडे कळव्याच्या पुढे मिठागरांच्या काठी एक आगरी वस्ती आहे, ती माझ्या वाट्याला आली. आत्याने मला निघताना दही दिलं. परीक्षेला जाताना देतात तसं.

पूल ओलांडून बांधावरून चालत जायचं. दोन्ही बाजूंना पाणी कोंडलेलं आणि त्याच्यावर ऊन असं, की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. माझ्या पायांत चपला होत्या आणि समोरून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईचे पाय अनवाणी. खाऱ्या पाण्याने टाचा अशा फुटलेल्या, की मी पटकन दुसरीकडे पाहिलं. ती मात्र मला वाट द्यायला बांधावरून खाली पाण्यात उतरली. मी तशीच पुढे गेले.

वस्तीत दिवसा कोण असणार? म्हाताऱ्या आणि पोरं. धडधाकट बायामाणसं सगळी मिठावर. पहिल्याच घरी एक म्हातारी सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकीत बसली होती. बामा म्हात्रे नावाच्या माणसाची आई. तिने मला घोंगडी टाकून बसवलं.

"उनाची आलीस गो बाय. काय लिवाचा हाय?"

मी सांगितलं. घरात मोठी माणसं किती, नावं काय. म्हातारीने आपलं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं. "आणि सुनेचं?"

"दिव्याची."

"ते माहेरचं गाव झालं, आजी. नाव काय तिचं?"

म्हातारीने थोडा विचार केला. "लग्नान ठेवलेला कायतरी. कोन बोलतं त्या नावान? आमी दिव्याचीच बोलतंव."

पुढच्या घरी तेच. मुंब्र्याची, पलीकडच्या घरची बेलापूरची, त्याच्या शेजारी दोन जावा, मोठी दिव्याची आणि धाकटी डोंबिवलीची. सून ज्या गावाहून आली ते गाव हेच तिचं नाव. तिकडे रीतच तशी. नवरा "अगो" म्हणतो, पोरं "आये" म्हणतात, सासू गावाच्या नावाने हाक मारते. त्या बाईला तिच्या नावाने हाक मारणारी माणसं सगळी माहेरी राहिलेली.

मी पहिल्या घरी परत आले, मला आत्या आठवली आणि मी भाषण ठोकलं. घोंगडीवर बसून, कावळे हाकणाऱ्या त्या म्हातारीपुढे. "आजी, आता राज्य आपलं आहे. प्रत्येक बाईला मत आहे. कुणाची सून म्हणून नाही, कुणाची बायको म्हणून नाही. तिच्या स्वतःच्या नावावर. म्हणून तिचं खरं नाव हवं."

"सोताचे नावावर?"

"हो."

"आमचे नावावर तं टोपली पन नाय गो," म्हातारी म्हणाली आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. मग तिने राखेत भाजलेल्या वालाच्या शेंगा माझ्यापुढे ठेवल्या. मी म्हटलं, उपास आहे. उपास नव्हता. दुसऱ्याच्या घरचं खायची आमच्यात सवय नव्हती, आणि "सवय नाही" असं तोंडावर म्हणवत नव्हतं. म्हातारी म्हणाली, "सांजच्याला ये. सून येल मिठावरशी. तीच सांगंल."

संध्याकाळपर्यंत थांबायचं म्हणजे अंधारात बांधावरून परत यायचं. मिठागर तिथून दिसत होतं. बायका ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या, टोपल्या घेऊन जात येत होत्या. तिकडे चालत जायला तास लागला असता. मी "पुन्हा येते" म्हटलं आणि कागदावर "दिव्याची, बामा म्हात्रेची बायको" असं लिहून पूल गाठला.

कचेरीतल्या हेडक्लार्कनी कागद पाहिले आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. बाकीची वस्ती ठीक होती, अकरा नावांवर त्यांनी तांबड्या शाईने खुणा केल्या. "बाई, हे काय? दिव्याची, मुंब्र्याची? मतदार आहेत की रेल्वेची स्टेशनं? वरून हुकूम आहे. नाव नाही तर नोंद नाही. सोमवारी मला पक्की नावं हवीत, नाहीतर या अकराही खोडतो."

तो शनिवार होता. हातात रविवार होता. एक अख्खा दिवस.

त्या रविवारी मी गेले नाही याला सांगण्यासारखं कारणही नाही. आजारी नव्हते. पाऊस नव्हता. शनिवारी चालून पाय दुखत होते, केस धुवायचे होते आणि एका मैत्रिणीने दुपारी बोलावलं होतं. सकाळी मी खिडकीशी कागद घेऊन बसले आणि विचार केला, की मी गेले नाही तर अकराजणींची मतं जातील. मग मनात आलं, मतं वाचवायचीच आहेत तर नावाशी कुणाला काय करायचंय? तिथे कोणी त्या नावाने हाक मारत नाही. मी त्यांना नाव दिलं तर उपकारच होतील. हे सगळं मला त्या वेळी अगदी पटलं. आळसाला कारणं फार लवकर सुचतात.

मी नद्यांपासून सुरुवात केली. गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना. मग देवींवर आले. पार्वती, लक्ष्मी, रुक्मिणी. कुणालाही शोभतील अशी. शेवटी शेवटी मला त्यात मजा वाटू लागली. डोंबिवलीच्या धाकट्या जावेला मी "द्रौपदी" लिहिलं आणि एकटीच हसले. बामाच्या बायकोला यमुना मिळालं. पाऊण तासात काम आटोपलं आणि मी केस धुतले.

दुपारी मी मैत्रिणीकडे गेले ती मिठागराकडेच गेले असं समजून संध्याकाळी आत्याने विचारलं, "ती घरं पुन्हा पालथी घातलीस?"

"हो," मी म्हटलं.

"सांगितली नावं?"

"सांगितली."

आत्याने शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं, की आमच्या पोरीने मिठागरावर जाऊन बायकांची नावं काढून आणली. काकू म्हणाल्या, "तुमचीच भाची ती." मी स्वयंपाकघरात ताटं घेत होते. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे लिहायची आज लाज वाटते, पण वाटलं होतं. आपण न केलेलं काम आपण केलं असं दोनदा ऐकलं, की ते खरंच केल्यासारखं वाटायला लागतं.

यादी छापली गेली, चावडीवर लागली. हरकती असतील त्यांनी कळवाव्यात असा कागदही लागला. वस्तीत तो वाचणार कोण? हरकत आली नाही. मी ते विसरून गेले. खरंच विसरले. मला नोकरीत कायम केलं, दरवर्षी मीठ पडत होतं, विकलं जात होतं आणि मला खाडीच्या वासाचं काही वाटत नव्हतं.

मग मतदान आलं. संक्रांत नुकतीच झाली होती. बायकांच्या बोटाला शाई लावायला बाई हवी म्हणून पुन्हा माझी नेमणूक झाली आणि कचेरीच्या कागदावर तेच गाव होतं. तेव्हाही मला काही आठवलं नाही. शाळेच्या एकाच खोलीत मध्ये पडदा लावला होता. पलीकडे पेट्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, तिच्यावर त्याच्या निशाणीचं चित्र. अलीकडे एक टेबल. त्याच्या एका टोकाला केंद्राचे साहेब यादी घेऊन, दुसऱ्या टोकाला मी शाईची बाटली घेऊन. ठाण्यात मतदान आदल्या दिवशी झालं होतं आणि आत्या मत देऊन आली होती. सकाळी मी निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली आणि तिने मला पुन्हा बोट दाखवलं. नुसतं बोट दाखवलं आणि डोळे पुसत घरी गेली.

मिठावरची कामं त्या दिवशी थांबली होती. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, डोक्यात फुलं माळून, लग्नाला निघाल्यासारख्या रांगेत उभ्या होत्या. गावातल्या एका शिकलेल्या मुलाने आदल्या दिवशी घरोघर जाऊन यादी वाचून दाखवली होती आणि सांगून ठेवलं होतं, यादीत जे नाव असेल तेच सांगा, नाहीतर परत पाठवतील. रांग सुरू झाली तेव्हा कुठे मला माझी अकरा नावं आठवली. एकेक बाई पुढे यायची, साहेब विचारायचे, "नाव?" आणि ती मागे वळून मैत्रिणींकडे बघत, हसू दाबत म्हणायची, "गंगा." "पार्वती." "द्रौपदी." त्यांना त्याची गंमत वाटत होती. एकजण शाई लावून घेताना मला म्हणाली, "आज मना सरकारी नाव भेटलाय." मी तिच्याकडे न बघता तिचं बोट पुसलं. फुटलेलं, खरबरीत बोट. मला वाटलं, चला, निभावलं.

मग ती आली. मागे काठी टेकत म्हातारी सासू. म्हातारीने मला लगेच ओळखलं आणि सुनेला कोपराने ढोसून सांगितलं, "हीच गो ती मास्तरीन." सून माझ्याकडे बघून हसली. अगदी ओळखीचं हसली.

"नाव?" साहेब म्हणाले.

"हिरू."

स्पष्ट म्हणाली. खोलीत पुरुष होते, सासू होती, दारात तिचा नवरा उभा होता. तरी मान वर करून म्हणाली.

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "नवऱ्याचं?" तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीने सांगितलं, "बामा." साहेब म्हणाले, "बामा म्हात्रेची बायको यमुना आहे इथे. तुम्ही यमुना ना?"

"नाय. मी हिरू."

"मग यमुना कोण? बामाने दुसरी केलीय?"

रांगेत हशा पिकला. दारातला नवरा ओरडला, "बोल ना गो यमुना, काय जातंय तुजा?" ती वळून त्याच्याकडे बघतही नव्हती.

मी पुढे वाकले आणि हळूच म्हटलं, "बाई, यमुना म्हणा. तेवढं म्हटलं की झालं."

ती माझ्याकडे वाकली. मग तितक्याच हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तूच बोललीस ना आयेला, सोताचा नाव सांगाचा म्हनून? तीन वर्सं झाली, आये रोज सांगतंय. आता खोटा कनाला बोलू?"

साहेब वैतागले होते. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी यादी पालथी केली, उलटी केली आणि कुणालाच उद्देशून नव्हे असं विचारलं, "या गावाची यादी केली होती कोणी?"

सगळं त्या एका प्रश्नात होतं. मी म्हटलं असतं, "मी केली. ते नाव माझी चूक आहे. ही बाई खरं बोलतेय," तर साहेबांनी सासूची साक्ष घेतली असती, एक ओळ लिहिली असती आणि हिरू पडद्यापलीकडे गेली असती. फार तर मला कचेरीत बोलावलं असतं. फार तर नोकरीवर आलं असतं. मी शाईच्या बाटलीचं बूच घट्ट केलं आणि म्हटलं, "जुनी आहे यादी. कचेरीतूनच आली."

"बाई, तुमचं नाव नाही. बाजूला व्हा. पुढची."

ती बाजूला झाली. भांडली नाही. खिडकीशी उभी राहून तिने बाकीच्या बायकांची मतं होईपर्यंत वाट पाहिली, कारण सासूला परत घेऊन जायचं होतं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी वर पाहिलंच नाही.

घरी आत्याने विचारलं, तुझ्या मिठागरावरच्या बायका आल्या का मतं द्यायला? मी म्हटलं, आल्या. सगळ्या? सगळ्या. त्या रात्री ती शाईचं बोट उशीवर वेगळं ठेवून झोपली, पुसलं जाऊ नये म्हणून. पुढे दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या दुखण्यात ती एकदा मला म्हणाली, "तू माझं अर्धं राहिलेलं काम केलंस." मी तिचे पाय दाबत होते, तसेच दाबत राहिले. मरणाऱ्या माणसाला खरं सांगून दुखवू नये, अशी मी माझी समजूत घातली. माझ्याजवळ समजुती भरपूर असतात.

दुसऱ्या निवडणुकीच्या आधी याद्या दुरुस्त करायला घेतल्या, तेव्हा मी स्वतःहून ते गाव मागून घेतलं. दुपारी गेले, पण वस्तीत नाही, थेट मिठावर. वाफ्यांत पुरुष लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ कडेला ओढत होते, खरखर असा एकसारखा आवाज चालला होता आणि बायका टोपल्या भरून राशीवर नेऊन ओतत होत्या. हिरू थोडी वाळली होती. मला बघून तिने टोपली खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. रविवार, नद्या, केस धुतले तेसुद्धा. टेबलाशी मी काय बोलले तेही. ऊन होतं, डोळ्यांत पाणी कशाने आलं ते मला कळत नव्हतं. शेवटी मी फॉर्म काढला आणि म्हटलं, "या वेळी तुमचं नाव बरोबर लिहिते. हिरू बामा म्हात्रे."

तिने सगळं ऐकून घेतलं. पदराने हात पुसले. "मना वाटला व्हता तू चुकलीस," ती म्हणाली. "चुकतं मानूस. आयेला बी मी तसाच सांगला, मास्तरीन चुकली आसंल. तू तं इचारलाच नव्हता."

"नव्हतं विचारलं."

"मी हथंच व्हते. त्या दिसाला बी." तिने पायाखालच्या बांधाकडे हात केला.

मी लेखणीचं टोपण काढलं. तेव्हा ती म्हणाली, "नाव लिववीन मी. पन तुज्या हातशी नाय. दुसरे कुनाला पाठव." त्यात राग नव्हता. तिने टोपली उचलली, टोपलीच्या विणीतून निथळणारं पाणी तिच्या खांद्यावर ओघळलं आणि ती राशीकडे गेली.

मी शाळेतल्या शालिनीला पाठवलं. नवी शिक्षिका, वीस वर्षांची, चालायला घाबरत नाही. हिरूने पुढच्या वेळी मत दिलं, असं शालिनीकडूनच मला कळलं. तिने ते माझ्यामुळे दिलं नाही, मला वगळून दिलं. तेच योग्य होतं.

शालिनी गेली त्या दिवशी मी तिला बाकीच्या दहाजणींचीही यादी दिली होती, माझ्या अक्षरातली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने कागद माझ्यापुढे ठेवले.

"सगळ्यांनी सांगितली नावं?" मी विचारलं.

"सांगितली की. विचारल्याबरोबर."

"लाजल्या नाहीत?"

"छे हो, बाई. उलट दोघींनी मला पुन्हा वाचून दाखवायला लावलं. हिरू धरून दहाजणींची बदलून आणलीत. अकरावी आता नाही, दोन पावसाळ्यांपूर्वी वारली. तिच्यापुढे 'मयत' लिहून ओळ मारलीय."

मी कागद पाहिला. "गोदावरी" असं छापलेलं होतं आणि त्याच्यावरून शालिनीने पट्टीने सरळ रेघ ओढली होती.

"हिचं खरं नाव काय होतं?"

"ते नाही विचारलं," शालिनी म्हणाली. "कमीच करायची होती ना. लागणार होतं का?"

मी म्हटलं, नाही. घंटा झाली, ती वर्गावर गेली. सरकारी कागदात त्या बाईचा मृत्यूसुद्धा माझ्या दिलेल्या नावावर नोंदला गेला होता आणि त्यात नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. वस्तीत तिची सासू असेल, मुलं असतील, बरोबर टोपली वाहिलेल्या बायका असतील; कुणीही सांगेल. पूल ओलांडून बांधाबांधाने गेलं तर तासाभराचा रस्ता आहे. मी अजून गेलेले नाही.